पट्टकृमींची जनुकीय जातिनिश्चिती
मानवाच्या लहान आतड्यात वाढणाऱ्या टीनिया प्रजातीच्या पट्टकृमींची जाती त्यांच्या डीएनएच्या परीक्षणाने ठरविण्याची पद्धती. टी. सॅजिनाटा ही जाती अर्धकच्च्या गोमांसातून, टी. सोलियम डुकराच्या मांसातून व टी. एशियाटिका मुख्यत्वे डुकराच्या यकृतातून माणसाच्या पोटात जाते.

महत्त्व : आतड्यातील प्रौढ कृमीमुळे होणारा त्रास बहुधा सौम्य असतो. मात्र टी. सोलियमची अंडी दूषित अन्न, पाणी किंवा अस्वच्छ हात यांवाटे पोटात गेल्यास त्यांतून निघालेले भ्रूण रक्तावाटे स्नायू, डोळे व मेंदू यांत पोहोचतात आणि तेथे त्यांचे कोष्ठयुक्त डिंभ बनतात. मेंदूतील अशा कोष्ठांमुळे अपस्माराचे झटके येतात. कधीही मांस न खाणाऱ्या व्यक्तीलाही हा विकार होऊ शकतो. टी. सॅजिनाटाच्या अंड्यांपासून माणसाला असा धोका नसतो. म्हणून कृमीची जाती कळणे हे रुग्णाइतकेच त्याच्या कुटुंबीयांच्याही हिताचे असते.

जुन्या पद्धतीच्या मर्यादा : टी. सोलियमच्या शीर्षावर अंकुशांची दोन वलये असतात, टी. सॅजिनाटात अंकुश नसतात. परंतु विष्ठेत शीर्ष क्वचितच सापडते. पक्व देहखंडातील गर्भाशयाच्या मुख्य शाखा टी. सोलियममध्ये प्रत्येक बाजूस ७–१३, तर टी. सॅजिनाटात १२–३० असतात. त्यामुळे सीमेवरील संख्या संदिग्ध ठरते. तिन्ही जातींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. टी. एशियाटिका तर टी. सॅजिनाटाशी इतकी मिळतीजुळती आहे की, तिचे स्वतंत्र जाती म्हणून वर्णन १९९३ मध्ये कोरियातील शास्त्रज्ञ इओम व रिम यांनी केले.

पद्धती : देहखंडाच्या तुकड्यातून किंवा विष्ठेतील अंड्यांतून डीएनए वेगळे काढतात. पॉलिमरेज शृंखला विक्रियेने त्याच्या ठराविक भागाच्या असंख्य प्रती तयार करतात. याकरिता कलकणूंतील (कोशिकेत ऊर्जानिर्मिती करणाऱ्या सूक्ष्म घटकांतील) सायटोक्रोम सी ऑक्सिडेजाच्या पहिल्या उपघटकाचे जनुक विशेष उपयोगी पडते. प्रत्येक कोशिकेत कलकणूंच्या डीएनएच्या पुष्कळ प्रती असल्याने थोडा नमुनाही पुरतो. प्रत्येक जातीसाठी वेगळे प्रारंभक (डीएनएचे लहान कृत्रिम तुकडे) एकत्र वापरल्यास वेगवेगळ्या लांबीचे तुकडे मिळतात व जेलमधील पट्ट्यांवरून जाती ओळखता येते. टी. सोलियमचे आशियाई आणि आफ्रिकी-अमेरिकी हे दोन जनुकीय प्रकारही अशा रीतीने वेगळे करता येतात. फॉर्मॅलिनमुळे डीएनएची हानी होत असल्याने नमुना एथिल अल्कोहॉलात ठेवणे इष्ट असते.

मर्यादा : कलकणूंचे डीएनए एकाच जनकाकडून येते. टी. सॅजिनाटा व टी. एशियाटिका यांच्या संकरातून आलेले कृमी आशियात आढळले आहेत. त्यांची ओळख पटविण्यासाठी कोशिकाकेंद्रकातील जनुकेही तपासावी लागतात. शिवाय या परीक्षणास सुसज्ज प्रयोगशाळा लागते आणि टी. सोलियमचा उपद्रव असलेल्या अनेक ग्रामीण भागांत नेमकी तीच दुर्मिळ असते.