अभियंता घडवताना – लेखांक ६ : सायकल उघडून बघण्याचा तास

१९५५च्या ग्रिन्टर अहवालानंतर अमेरिकेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत वर्कशॉप आणि ड्रॉइंग कसं मागे पडलं आणि गणित-विज्ञान कसं पुढे आलं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. त्याची झळ बसली ती पहिल्या दोन वर्षांतल्या मुलांना. यंत्रांच्या ओढीनं आलेला मुलगा कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रातच अडकून राही. डिझाइनशी त्याची गाठ पडे ती बहुधा शेवटच्या वर्षी, आणि तोवर कित्येकांनी ही शाखाच सोडलेली असे.

नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेनं १९९० साली यावर वेगळीच वाट धरली. एकेकट्या विद्यापीठाला पैसे देण्याऐवजी, एकत्र येऊन पदवीचं शिक्षण बदलायला तयार असलेल्या विद्यापीठांच्या गटाला पाच वर्षांसाठी सुमारे दीड कोटी डॉलर द्यायचे, असं ठरलं. पहिले दोन गट होते ‘सिंथेसिस’ आणि ‘एक्सेल’. पुढे ‘गेटवे’, ‘सक्सीड’, ‘फाउंडेशन’ वगैरे आले. सिंथेसिसमध्ये स्टॅनफर्ड, बर्कली आणि कॉर्नेल यांच्या बरोबरीनं हॅम्प्टन, सदर्न आणि टस्कीगी ही कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेली विद्यापीठं होती. ही निवड विचारपूर्वक होती. स्त्रिया आणि अल्पसंख्याक समाजातली मुलं इंजिनिअरिंगकडे यावीत, टिकावीत, हा या योजनेचा उघड हेतू होता.

स्टॅनफर्डमध्ये शेरी शेपर्ड यांनी सुरू केलेला कोर्स पाहण्यासारखा आहे. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेडूक उघडतात, तशी इथे मुलं सायकल आणि प्रिंटर उघडत. गिअर कशाला, हा भाग याच धातूचा का, इथे स्क्रूऐवजी खाच का ठेवली, असे प्रश्न हातात पाना-पकड घेऊन सोडवायचे आणि मग सगळं पुन्हा जोडायचं. समीकरण कशासाठी शिकायचं हे ज्याला आधी कळतं, तो ते जिद्दीनं शिकतो. पहिल्या वर्षाच्या सुधारणेचं सारं बळ यातच आहे.

फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात एली फ्रॉम यांनी पहिल्या दोन वर्षांचे विषय एकत्र गुंफून त्यांना डिझाइन आणि प्रयोगशाळेची जोड दिली होती. गेटवे गटाचं नेतृत्वही ड्रेक्सेलकडेच आलं. गटातल्या ओहायो स्टेटनं ही कल्पना घेतली, पण जशीच्या तशी नाही. तिथली पहिल्या वर्षाची मुलं गट करून स्वतःहून चालणारा छोटा रोबो बनवतात आणि त्याची स्पर्धा लावतात. फ्रॉम यांना २००२ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगचं पहिलं गॉर्डन पारितोषिक मिळालं.

अडचणीही मोठ्या होत्या. एका ठिकाणी तयार झालेल्या नोट्स आणि सीडी दुसरीकडे पाठवल्या, की त्या बहुतेक वेळा कपाटातच राहत. जो प्राध्यापक कोर्स घडवण्यात नव्हता, त्याला तो आपला वाटत नसे; शिवाय बढती मिळायची ती शोधनिबंधांवर, पहिल्या वर्षाला किती जीव ओतून शिकवलं यावर नव्हे. अनुदान संपल्यावर तगले ते मुख्यतः विद्यापीठानं अधिकृत अभ्यासक्रमात घेतलेले कोर्स. या काळात ‘अबेट’ या मूल्यांकन संस्थेनं आपले निकष बदलले, ही मोठी मदत झाली. किती तास शिकवलं यापेक्षा विद्यार्थ्याला काय करता येतं याला त्यात महत्त्व आलं. डिझाइन, गटात काम करणं, आपलं म्हणणं नीट मांडणं हे सगळं त्यात होतं.

याच विचाराचा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. इंजिनिअरिंगच्या पदव्यांच्या मूल्यांकनाला देशादेशांत परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन करारात भारत २०१४ साली पूर्ण सदस्य झाला, आणि ‘एनबीए’ या आपल्याकडच्या मूल्यांकन संस्थेच्या फाइलसाठी पीओ-सीओचे, म्हणजे पदवीतून आणि प्रत्येक कोर्समधून विद्यार्थ्याला काय करता यावं याचे, तक्ते भरणं इथल्या प्राध्यापकांच्या अंगवळणी पडलं. पण तक्ता भरला म्हणजे तास बदलला असं होत नाही. एका विद्यापीठाशी संलग्न असलेल्या डझनावारी कॉलेजांत अभ्यासक्रम एकच असतो. तो अभ्यास मंडळाकडून छापून येतो आणि सगळीकडे सारखाच शिकवला जातो. याला सहकार्य म्हणता येणार नाही. दोन कॉलेजांतल्या चार प्राध्यापकांनी एकत्र बसून पहिल्या सत्राचं एक प्रॅक्टिकल नव्यानं आखणं आणि एकमेकांच्या वर्गात जाऊन ते पाहणं, याला पैसा फारसा लागत नाही. वेळापत्रकात जागा आणि प्राचार्यांचं पाठबळ मात्र लागतं.

अमेरिकेतल्या गटांना पैसा सरकारनं दिला होता. २००० साली एमआयटी आणि स्वीडनमधली तीन विद्यापीठं एका खासगी प्रतिष्ठानाच्या मदतीनं एकत्र आली. त्यांच्या ‘सीडीआयओ’ या उपक्रमाविषयी पुढच्या लेखात.