उन्हाळा आणि शरीर – भाग ३ : घाम वाळला पाहिजे

माणसाच्या शरीराचे आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते तीन-चार अंशांनी जरी चढले, तरी मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे यांचे काम बिघडू लागते. स्वस्थ बसलेले शरीरही सुमारे १०० वॅट उष्णता तयार करत असते. नांगरट, बांधकाम, हमाली अशा कामांत ती कित्येक पटींनी वाढते. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तोवर ही उष्णता हवेत निघून जाते. उन्हाळ्यात त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून तापली, की तिचीच उष्णता अंगात शिरते आणि शरीरापाशी घाम हा एकच उपाय उरतो. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. गारवा घाम येण्याने मिळत नाही, तो वाळण्याने मिळतो. अंगावरून निथळून गेलेला घाम पाणी व मीठ नेतो, उष्णता मागेच राहते.

विदर्भ आणि कोकण यांच्या उन्हाळ्यातला फरक यातच आहे. चंद्रपूर, अकोला भागात पारा ४५ च्या पुढे जातो, पण हवा कोरडी असल्याने घाम लगेच वाळतो. तिथला धोका शरीरातले पाणी नकळत संपण्याचा. किनारपट्टीवर पारा कमी असतो, पण दमट हवेत घाम वाळतच नाही. म्हणून हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी भागासाठी किमान ४० आणि किनारपट्टीसाठी ३७ अंश ही मर्यादा धरते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. त्या दिवशी परिसरातले तापमान सुमारे ३८ अंशच होते.

माठ, वाळ्याच्या ताट्या आणि कूलर हे तिन्ही बाष्पीभवनावरच चालतात. म्हणून नागपुरात कूलर खोली गार करतो, तर मुंबईत नुसता दमटपणा वाढवतो. हवा ४० अंशांच्या वर गेल्यावर नुसता पंखाही अंगावर गरम झोत टाकतो. अशा वेळी अंग किंवा कपडे ओले करून वारा घ्यावा. सैल सुती कपडे आणि डोक्या-कानांवरून बांधलेला ओला दुपट्टा यांचा उपयोग याच कारणाने होतो. खिशातल्या कांद्याने मात्र शरीराचे तापमान उतरत नाही.

तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. वृद्धांना तहान कमी जाणवते, म्हणून त्यांना आठवणीने पाणी द्यावे. लघवी गडद पिवळी होणे ही पाणी कमी पडल्याची खूण. घामातून मीठही जात असल्याने मीठ घातलेले ताक, पन्हे, कोकम सरबत हे उत्तम. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले, की घरगुती जलसंजीवनी तयार होते. चमचा चहाचा घ्यावा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी पाण्या-मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. उन्हातल्या कामाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. त्यामुळे नव्या मजुराला पहिल्याच दिवशी भर दुपारी पूर्ण काम देऊ नये. दुपारी १२ ते ४ ही वेळ सर्वांनीच टाळावी.

भरपूर घाम, पायात गोळे, चक्कर, मळमळ ही ऊन लागल्याची पहिली लक्षणे. सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचे पाणी यांनी माणूस बहुधा सावरतो. पण तो असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान तेव्हा ४० अंशांच्या वर गेलेले असते. त्वचा कोरडी पडतेच असे नाही; श्रमाने झालेल्या उष्माघातात घाम चालूही असतो. तापाची गोळी इथे निरुपयोगी, कारण हा आजारातला ताप नव्हे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत रुग्णाला सावलीत न्यावे, जादा कपडे काढावेत, अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा आणि काखेत, मानेला व जांघेत बर्फ ठेवावा. उष्माघातात पहिला अर्धा तास मोलाचा असतो. म्हणून आधी अंग गार करावे, मग रुग्णालय गाठावे.