पाचगावने तेंदू का सोडला?

सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. लाकूड जळलं की तो हवेत जातो; त्यामुळे नवी रोपं लावण्याआधी उभं जंगल जळू न देणं महत्त्वाचं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला (ता. गोंडपिपरी) २०१२ मध्ये सुमारे १,००६ हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला आणि ग्रामसभेने चक्क तेंदूपान तोडणीच बंद केली. उन्हाळ्यातला हातचा पैसा गेला! पण कोवळ्या पानांसाठी झुडपं छाटणं, आग लावणं हेही थांबलं. तेंदूला वाढू दिलं, की माणसांना आणि पाखरांना टेंभरं मिळतात. कमाईची भिस्त बांबूवर ठेवली.

बांबूची ही वाट आधी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने धरली होती. त्याला सुमारे १,८०० हेक्टरचा असाच वनहक्क २००९ मध्येच मिळाला होता. बांबू वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती यायला मात्र एप्रिल २०११ उजाडला.