लेखांक ६ : रांग नव्हे, राणी गाठा

गेल्या आठवड्यात डाळी-तांदळातल्या किडीचा बंदोबस्त पाहिला. तो डब्यातल्या डब्यात उरकतो. मुंग्यांचं तसं नाही. ओट्यावर दिसते ती नुसती रांग. घर असतं फरशीच्या सांध्याखाली, खिडकीच्या चौकटीमागे, कधी स्विचबोर्डाच्या आत. पावसाने बाहेरची वारुळं भिजली की त्या आपला मुक्काम कोरड्यात हलवतात, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी मुंग्यांचा त्रास हटकून वाढतो.

अशा वेळी हात जातो तो स्प्रेकडे नाहीतर मुंग्यांच्या खडूकडे. दोन्हीत बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. समोरची रांग लगेच मरते, पण अन्न शोधायला बाहेर पडलेल्या मुंग्या म्हणजे वसाहतीचा लहानसा हिस्सा. आत राणी अंडी घालतच असते. आपल्या स्वयंपाकघरांत येणाऱ्या मुंग्यांत जेमतेम २ मिलिमीटरची, पिवळट-तांबूस फॅरो मुंगी असते. तिच्या एकाच वसाहतीत अनेक राण्या नांदतात. फवारा बसला की काही राण्या आणि कामकरी मुंग्या अंडी-अळ्या उचलून दुसरीकडे बिऱ्हाड करतात. एकाची दोन-तीन घरं होतात, म्हणजे फवारून आपण मुंग्या पसरवतो. शिवाय ज्या ओट्यावर पोळ्या लाटायच्या तिथेच कीटकनाशक मारायचं, हे मला मुळातच पटत नाही.

साखरपाण्याच्या थेंबाशी आलेली मुंगी जवळून पाहा. ती पिते तसं तिचं पोट फुगत जातं, कातडी ताणून आतलं पाणी झळकू लागतं. परतताना दुसरी भेटली की मिशांना मिशा लागतात आणि पोटातला थेंब तोंडातून तोंडात दिला जातो. मोठ्या मुंगीला घन कण गिळता येत नाहीत, ती पातळ तेवढंच पिते. हा थेंब हातोहाती अळ्यांपर्यंत आणि राणीपर्यंत पोचतो. आपलं औषध याच वाटेने आत जायला हवं, आणि त्यासाठी ते सौम्य हवं.

औषध म्हणजे बोरिक पावडर, पूर्वी कॅरमबोर्डावर टाकत तीच. केमिस्टकडे मिळते. पेलाभर (२०० मिलिलिटर) कोमट पाण्यात पाच सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा बोरिक पूर्ण विरघळवा. चमचा चहाचा, आणि तो या कामासाठी वेगळाच ठेवा. हे साधारण एक टक्का द्रावण होतं. ‘जरा जास्तच घालू’ हा मोह टाळा. कडक द्रावणाला मुंग्या तोंड लावत नाहीत, लावलंच तरी घरी पोचण्याआधी मरतात. कापसाचा बोळा द्रावणात भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवा आणि झाकण रांगेच्या कडेला सरकवा.

मग खरी परीक्षा आपली. तासाभरात झाकणाभोवती मुंग्यांचा गराडा पडतो. पुसू नका, मारू नका. त्या वासाची खूण सोडत एकमेकींना बोलावत असतात, आणि ती वाट आपल्याला हवीच आहे. दोन-तीन दिवसांत गर्दी ओसरू लागते. राण्या अनेक असतील तर काही आठवडेही लागतात. बोळा सुकला किंवा आंबूस वास आला की बदला. साखरेकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तर त्यांना त्या वेळी प्रथिनं नाहीतर स्निग्ध पदार्थ हवे आहेत. शेंगदाण्याच्या बारीक वाटलेल्या कुटात किंचित बोरिक कालवून पाहा.

बोरिक कमी विषारी आहे, निर्विष नाही. रांगत्या बाळाच्या, कुत्र्या-मांजराच्या तोंडी ते जाता कामा नये. झाकण ओट्यामागे, उंचावर ठेवा, आणि द्रावणाच्या बाटलीवर ठळक नाव लिहा. साखरपाणी समजून कोणी पिऊ नये.

रांग पूर्ण थांबली की मगच साबणाच्या पाण्याने वाट पुसा. वासाची खूण जाते. नंतर भेगा पांढऱ्या सिमेंटने बुजवा. हळदीची रेघ काही वेळ अडवते, पण आतलं कुटुंब तसंच राहतं आणि मुंग्या वळसा घालून येतात.

कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची जुनी पद्धत मात्र आजही उत्तम, फक्त पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका. नुसत्या पाण्याच्या ताणावरून हलकी मुंगी चालून जाऊ शकते. साबणाने तो ताण मोडतो आणि ती बुडते. आठवड्यातून एकदा वाट्या रित्या करून आतून घासायच्याच, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो.

उरलेली बोरिक पावडर कुलपात ठेवा. पुढच्या आठवड्यात झुरळांसाठी ती लागेल, तीही कोरडीच.