पुनः रंगविलेल्या सायकलची पारख

माझा एक जुना विद्यार्थी हल्लीं इंग्लंडांत डर्बी शहरीं नोकरीस असतो. शाळेंत असतां सायकल उघडून पुनः जोडण्याचा नाद मींच त्याला लावला होता. त्यामुळें गेल्या वर्षीं त्याला एक शंका आली ती त्यानें मलाच विचारिली. तिकडील एका गृहस्थापाशीं शर्यतीची एक जुनी रॅले सायकल विकाऊ होती. रंग नवा, तांबडा व काळा; अक्षरें पिवळीं; बैठकीच्या नळीवर 'रेनॉल्ड्स ७५३' असा स्टिकर. ही सायकल इल्केस्टनची आहे असें विकणाराचें म्हणणें, आणि किंमत साध्या रॅलेच्या तिप्पट. "गुरुजी, ही सायकल खरी कीं रंगविलेली?" असा त्याचा प्रश्न होता.

मीं प्रथम त्याचा प्रश्नच दुरुस्त केला. रंगविलेली सायकल खोटीच असते असें नाहीं. पोलादावरचा रंग चार दशकांत उडतो, गंज चढूं लागतो, आणि काळजी घेणारा मालक तिला पुनः रंग देतो. त्यांत फसवणूक कोणतीच नाहीं. प्रश्न एवढाच, कीं रंगाखालची वस्तु रंगावर लिहिलेल्या नांवाचीच आहे काय?

आतां इल्केस्टन म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. रॅले ही नॉटिंगहॅमची कंपनी. १९७४ सालीं तिनें डर्बीशायरमधील इल्केस्टन गांवीं एक लहान कार्यशाळा काढली. जेरल्ड ओडोनोव्हन हे तिचे प्रमुख होते. टीआय-रॅले या व्यावसायिक संघाच्या फ्रेमी तेथें हातानें बनत. याच संघाकडून योप झूटेमेल्क यांनीं १९८० सालची टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. अर्थात् त्या कार्यशाळेच्या फ्रेमींना आज मोठें मोल आहे. परंतु संघाचे तांबडे, काळे व पिवळे रंग रॅलेनें सामान्य गिऱ्हाइकांच्या सायकलींनाही दिले होते. शिवाय जुन्या धर्तीचे स्टिकर आज कोणालाही नवे विकत मिळतात. सारांश, रंग व स्टिकर हे दोन्ही साक्षीदार बाद. साक्ष घ्यावयाची ती धातूची.

ही साक्ष घेतांना एक नियम ध्यानांत ठेवावा. अनुकूल खुणा दहा मिळाल्या तरी त्यांनीं केवळ विश्वास वाढतो. प्रतिकूल खूण पक्की अशी एकच मिळाली तरी दावा कोसळतो. म्हणून परीक्षकानें आपल्याला आवडणारा पुरावा शोधूं नये. आपला दावा मोडील असा पुरावा शोधावा.

पहिली परीक्षा लोहचुंबकाची. फ्रेम पोलादाची असल्यानें चुंबक सर्वत्र सारखा चिकटला पाहिजे. एखाद्या ठिकाणीं ओढ मंद भासली, तर तेथें पोचा किंवा खड्डा लांबीनें भरून वर रंग चढविला आहे असें समजावें. ही परीक्षा फ्रेमीचें कूळ सांगत नाहीं, प्रकृति मात्र सांगते.

दुसरी परीक्षा मापाची. सीट-पिलर काढून त्याची जाडी व्हर्नियर कॅलिपरनें मोजावी. उत्तम प्रतीची इंग्लिश बैठकीची नळी बाहेरून २८.६ मिलिमीटर असते आणि तिची भिंत पातळ असल्यानें तींत सुमारें २७.२ मिलिमीटरचा पिलर बसतो. हलक्या प्रतीच्या पोलादाची भिंत जाड ठेवावी लागते; म्हणून तेथें पिलर बारीक लागतो. मात्र नळी आंतून घासून मोठी केलेली नाहीं ना, हेंही पाहावें.

तिसरी परीक्षा आट्यांची. दोन्ही पॅडलांचा आंस ज्या आडव्या नळकांड्यांत फिरतो, त्याचे आटे इंग्लिश पद्धतींत दर इंचास २४ असतात, व नळकांड्याची रुंदी ६८ मिलिमीटर. रॅलेच्या नॉटिंगहॅमच्या नेहमींच्या सायकलींत मात्र दर इंचास २६ आटे असत. २६ आटे आढळले तर इल्केस्टनचें नांव घेऊंच नये. पण २४ आढळले म्हणून हर्षित होण्याचेंही कारण नाहीं. कारण वर्कसॉप येथील कार्लटन कारखाना, जो रॅलेनें १९६० सालीं घेतला, तोही २४ आट्यांच्याच चांगल्या फ्रेमी बनवीत असे.

माझ्या विद्यार्थ्याच्या सायकलीचा पिलर २७.२ निघाला, आटे २४ निघाले. त्यानें आनंदानें कळविलें, कीं आतां संशयास जागा नाहीं. मीं त्यास लिहिलें, अजून दोन साक्षीदार राहिले आहेत.

पहिला, त्याच नळकांड्याच्या तळाशीं ठोकलेला क्रमांक. इल्केस्टनच्या क्रमांकाचा आरंभ 'एसबी' या अक्षरांनीं होतो. रंगाच्या थरांनीं आंकडे बुजले असतील, तर खरवडूं नये. वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी हळूहळू घासावी. लहानपणीं आपण नाण्याचा छाप असाच घेत होतों.

दुसरा साक्षीदार नळकांड्याच्या आंत, सांध्यापाशीं. रेनॉल्ड्स ७५३ या नळ्यांचें बळ विशिष्ट उष्णतासंस्कारानें आलेलें असतें व अधिक तापविल्यास तें नष्ट होतें. म्हणून त्या पितळेनें झाळीत नाहींत; कमी उष्णतेवर वितळणाऱ्या चांदीच्या झाळीनेंच जोडतात. हें काम इतकें नाजूक, कीं कारागिरानें नमुन्याचा सांधा रेनॉल्ड्स कंपनीकडे धाडून तो पसंत झाल्यावांचून त्याला ह्या नळ्या मिळतच नसत. आंत दिव्याचा प्रकाश टाकून सांधा पाहावा. झाळ पांढरट असेल तर चांदी. पिवळी असेल तर पितळ.

आठ दिवसांनीं उत्तर आलें. कागदावर उमटलेलें पहिलें अक्षर 'डब्ल्यू' होतें, म्हणजे वर्कसॉप. आणि आंतली झाळ स्वच्छ पिवळी होती. ७५३ चा स्टिकर त्या फ्रेमीचा नव्हता.

विकणारास हें दाखविल्यावर तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. त्यानें स्वतःही ती सायकल इल्केस्टनची म्हणूनच, मोठी किंमत देऊन घेतली होती. असत्य पहिल्यानें कोणीं चिकटविलें, हें आतां कळणें नाहीं. पुढच्या प्रत्येकानें मात्र तें प्रामाणिकपणें पुढें दिलें. अखेर साध्या किंमतीस सौदा ठरला. वर्कसॉपची ती फ्रेम आपल्या परीनें उत्तमच होती. माझ्या विद्यार्थ्यानें नळीवरचा स्टिकर काढून टाकला आणि रंग तसाच ठेवून तो रोज तिजवर बसून कामास जातो.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणाच्या घरीं वडिलांची किंवा आजोबांची जुनी सायकल असेल, आणि तिला नवा रंग देण्याचें मनांत असेल, तर तीन गोष्टी कराव्यात. रंगाऱ्याकडे देण्यापूर्वीं सर्व बाजूंनीं तिचीं छायाचित्रें घ्यावींत. तळाचा क्रमांक लांबीनें बुजूं देऊं नये. आणि काय बदललें, कोणत्या वर्षीं, हें एका कागदावर लिहून तो सायकलच्या बिलासोबत जपून ठेवावा. पुढें ती ज्याच्या हातीं जाईल, त्याला खऱ्याखोट्याची पारख करीत बसावें लागणार नाहीं.