हरवलेली अनुक्रमणिका

दिवाळी अंक घरात आला की आमच्याकडे आधी अनुक्रमणिकेवरून भांडण होते. ह्यांना प्रवासवर्णन हवे असते, सूनबाईंना कथा. मी आपली सगळे झोपल्यावर निवांतपणे अंक हाती घेते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत हे भांडण चालत आले असावे! पण आज सांगणार आहे ती एका निराळ्याच अनुक्रमणिकेची हकीकत. ती छापलेली नव्हती. ह्यांनी स्वतः पाच वर्षे खपून ती जमवली होती, आणि एका पावसाळ्यात ती नाहीशी झाली.

हे २००८ साली निवृत्त झाले. तोवर पनवेल ते मुंबई अशी रोजची लोकल. वाचन काय व्हायचे ते गाडीत. आता दिवस मोकळा. चिरंजीवांनी घरात संगणक आणून ठेवला आणि बाबांना गूगल रीडर दाखवून दिले. वडाळे तलावाला सकाळची फेरी घालून आले की चहाचा कप घेऊन हे त्याच्यापुढे बसत.

हा ‘रीडर’ म्हणजे काय, ते आधी सांगते. त्या दिवसांत मराठी माणसे हौसेने ब्लॉग लिहीत होती. कोणी त्याला अनुदिनी म्हणत, कोणी जालनिशी. कोणी गडकिल्ल्यांवर लिही, कोणी परदेशातल्या स्वयंपाकघरातून पुरणपोळीची फजिती कळवी. पण कोण कधी लिहील याचा नेम नाही. रोज साठ दारे ठोठावून ‘आज काही नवे आहे का हो?’ असे विचारायचे कोणी? ते काम रीडर करी. प्रत्येक ब्लॉग आपल्या नव्या लेखांची एक छोटी यादी, म्हणजे फीड, तयार ठेवतो. रीडर ठराविक वेळाने ती पाहून येतो आणि नवे लेख आपल्यापुढे मांडतो. पेपरवाल्याने साठ पेपरांची चळत दारात टाकावी, तसेच! या पद्धतीला आरएसएस म्हणतात. १९९९ साली नेटस्केप कंपनीत ती जन्मली. नाव ऐकून आमच्या शेजारच्या काकांचा भलताच समज झाला होता, तो भाग निराळा!

गूगल रीडर ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू झाले होते. १३ मार्च २०१३ रोजी कंपनीने जाहीर केले की वापर कमी होत चालल्यामुळे १ जुलैपासून ते बंद होईल. जगभर हळहळ झाली. बंद करू नका म्हणून लाखावर लोकांनी सह्या केल्या. फीडली नावाच्या दुसऱ्या रीडरकडे तर दोन दिवसांत पाच लाख माणसे गेली. ज्याला आपली यादी हवी असेल त्याने ती १५ जुलैपर्यंत उतरवून घ्यावी, अशी सोयही ठेवलेली होती.

आणि आम्ही? संगणकावर ती सूचना दिसे, आणि हे ती मिटवून पुढे वाचायला लागत. ‘इंग्रजीत काहीतरी जाहिरात आहे,’ असे म्हणत. मग जूनअखेर लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे पुण्याला गेलो. नातवाच्या कौतुकात महिना कसा गेला ते कळले नाही. परत येऊन पाहतो, तो रीडर बंद, मुदत संपलेली आणि यादी गेलेली. चूक आमचीच होती. कोणाला बोल लावणार?

हे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी मी वाणसामानाची वही पुढे केली. म्हटले, ‘आठवतील तेवढे लिहा.’ सकाळभरात बावीस नावे निघाली. माझ्या भाचीचा ब्लॉग मीच सांगितला. बाकीच्यांचा माग काढायला एक युक्ती सापडली. बहुतेक ब्लॉगांच्या कडेला लेखकाने आपल्या आवडत्या ब्लॉगांची यादी दिलेली असते. एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या ओसरीवर, असे करत आम्ही पन्नाशी गाठली.

एक मात्र सापडेना. कोकणातले कोणी वृद्ध गृहस्थ आपल्या वाडीबद्दल लिहीत: माडांची निगा, पाटाचे पाणी, जुन्या झाडांची नावे. ब्लॉगाचे नाव ह्यांना आठवेना. तीन आठवड्यांनी एका पाककृतीच्या ब्लॉगाच्या कडेला ते दिसले. दरम्यान त्यांनी चार लेख लिहिले होते. शेवटल्या लेखाखाली त्यांनी विचारले होते, की हल्ली कोणी वाचत नाही की काय? ह्यांनी त्याच क्षणी त्यांना लिहिले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले. त्यांना वाटले होते, आपलेच लिहिणे आटले असावे. दुकान बंद झाले की गिऱ्हाईक हळहळते, पण माल आणून देणाऱ्याचे काय होते, हे मला तेव्हा कळले.

मग नवा रीडर निवडण्याचा प्रश्न आला. द ओल्ड रीडर पाहिला, तर एकदम आलेल्या गर्दीने त्याचे चालकच हैराण झालेले. सर्वांसाठी तो बंद करण्याचे त्यांनी जाहीर केले आणि मग नव्या चालकांच्या हाती तो चालू राहिला. न्यूजब्लर चांगला, पण पुरा वापर करायचा तर वर्गणी. बल्गेरियातला इनोरीडर चिरंजीवांनी घेतला. ह्यांनी फीडली पसंत केला, कारण अक्षर मोठे दिसले! त्याच सुमारास निघालेला डिग रीडर २०१८ साली बंद पडला. म्हणजे नवे आले ते टिकतेच असे नाही.

म्हणून निवडताना एवढेच पाहावे: आपली यादी बाहेर काढून घेता येते का? ओपीएमएल नावाच्या एका छोट्या फाइलीत ती सगळी मावते आणि बहुतेक रीडरांना ती वाचता येते. दुकान बदलले तरी वही आपल्याजवळ राहते.

कोणी म्हणेल, आता फेसबुक असताना हा खटाटोप कशाला? पण तिथे काय पुढे यावे हे दुसरा कोणी ठरवतो. यादी आपली असली म्हणजे महिन्यातून एकदाच लिहिणारा वाडीवालाही नजरेतून सुटत नाही. शिवाय फीड काही संपलेली नाही. पॉडकास्ट तिच्यावरच चालतात.

आमच्या घरी आता एक रिवाज पडला आहे. दिवाळीची साफसफाई झाली, डबे पुसून फडताळात गेले, की हे संगणकाशी बसतात आणि त्या फाइलीची एक प्रत करून ठेवतात. वाणसामानाची ती वहीही मी टाकलेली नाही. तुमच्या घरी कोणी अशी यादी जमवली असेल, तर फराळाला बसण्यापूर्वी तिची प्रत तेवढी करून घ्या!