चालत्या घरासोबत होडी : आधी वजनकाटा, मग वेल्डिंग

गाड्यांच्या बॉडीचे काम करणाऱ्या एका बंधूंनी आम्हाला प्रश्न विचारला आहे. त्यांच्या गिऱ्हाईकाकडे कॅरव्हॅन आहे, म्हणजे आत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. तिच्या मागे छोटी होडी टांगण्यासाठी त्याला लोखंडी स्टँड हवा आहे. काम दोन दिवसांचे, मजुरी चांगली. घ्यावे का?

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. तेव्हा असे काम उद्या इतर कारागीर बंधूंकडेही येऊ शकते. मात्र चालत्या घरातून होडी नेण्याची हौस मुळात युरोप-अमेरिकेतली. तिथे हे काम कसे करतात ते आधी पाहू, म्हणजे आपले उत्तर सापडेल.

शिल्लक किती उरते?

युरोपातील बहुतेक मोटारहोम ३५०० किलोच्या मर्यादेत बांधलेली असतात, कारण मोटारीच्या साध्या परवान्याची मर्यादा तिथे अनेक वर्षे तेवढीच राहिली आहे. आता हिशेब करू. समजा, ड्रायव्हरसह तयार गाडीचे वजन ३०५० किलो आहे. शिल्लक उरली ४५० किलो. आणखी तीन माणसांचे २१० किलो, ८० लिटर पाण्याचे ८० किलो, अंथरूण-पांघरूण, भांडी, धान्य व गॅस मिळून ११० किलो. खर्च झाले ४०० किलो आणि हातात राहिले फक्त ५०.

अॅल्युमिनियमची साधारण साडेतीन मीटरची होडी साठ-सत्तर किलो भरते. तिच्या मागे लावायचे पाच हॉर्सपॉवरचे इंजिन आणखी पंचवीस किलो. म्हणजे जागा दिसते, पण वजनाची मुभा नसते. गाडी भरलेली आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, काट्यालाच कळते.

मागे टांगलेले वजन वाढते

आता स्टँडचा मुद्दा. तराजूच्या दांडीवर वजन टेकूपासून जितके दूर सरकवाल तितके ते जड वाटते. गाडीचेही तसेच आहे. पुढच्या व मागच्या चाकांत ४ मीटर अंतर आहे, आणि मागच्या चाकांच्या २ मीटर मागे ६० किलोची होडी व २० किलोचा स्टँड टांगला आहे, असे धरा. एकूण वजन ८० किलो. पण मागच्या एक्सलवर बोजा पडतो १२० किलोचा! वरचे ४० किलो येतात कुठून? पुढच्या चाकांवरून. पुढची चाके तेवढी हलकी होतात. गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असेल तर ओल्या चढावर चाके फिरत राहतात, आणि स्टिअरिंगची पकडही कमी होते. शिवाय खड्ड्यात आदळताना हाच बोजा क्षणभर कितीतरी पटीने वाढतो व वेल्डिंगच्या सांध्यावर येतो. मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाते ते वेगळेच.

टपावर ठेवली तर?

अनेक मोटारहोमचे टप म्हणजे दोन पातळ पत्र्यांमध्ये फोम भरलेला असतो. त्यावर होडीचा भार थेट टेकवता येत नाही. तो आडव्या दांड्यांवरून खालच्या सांगाड्यावर उतरवावा लागतो. होडी उलटी ठेवतात, दोन पट्टे आडवे आवळतात, आणि पुढचे व मागचे टोक वेगळ्या दोराने खाली बांधतात. हे टोकाचे दोर अनेक जण विसरतात. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरला शांत बसलेली होडी ८० ला नाक वर काढते.

दोर पॉलिएस्टरचा घ्यावा. नायलॉनचा दोर भिजला की ताणतो आणि बांधणी ढिली पडते. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा तपासावेत. होडीसह गाडीची एकूण उंची कागदावर लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवावी, कारण कमी उंचीचा पूल सूचना देऊन येत नाही.

ट्रेलर आणि घडीची होडी

होडी जड असेल तर ट्रेलर हाच सरळ मार्ग. युरोपात ७५० किलोवरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक लागतोच. दूरवर धावून आलेला ट्रेलर लगेच पाण्यात घालू नये. तापलेला हब पाण्यात एकदम थंड झाला की पाणी आत ओढतो आणि बेअरिंग गंजतात.

पण तिथले बरेच हौशी लोक शेवटी हवेच्या होडीवर येतात. अडीच मीटरची होडी पंचवीस-तीस किलोची, घडी करून डिकीत मावते. मात्र ती गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवूनच बांधावी. इंजिन कंपनीने सांगितलेल्या बाजूवरच आडवे ठेवावे, नाहीतर तेल नको तिथे उतरते. पेट्रोलचा डबा माणसे झोपतात त्या जागेत कधीही ठेवू नये.

होडीची घडी करण्याच्या या कल्पनेला नावारूपाला आणणारा एक शिंपी होता, हे आमच्या शिवणकाम करणाऱ्या बंधूंना आवडेल. १९०५ मध्ये आल्फ्रेड हॉयरिख या जर्मन विद्यार्थ्याने बांबूचा सांगाडा व कापडी कातडे असलेली घडीची होडी केली. रोझेनहाइम गावच्या योहान क्लेपर या शिंप्याने १९०७ मध्ये तिचे हक्क घेतले आणि कारखाना काढला. लोक ती पिशवीत घालून आगगाडीने नदीवर नेऊ लागले. १९५६ मध्ये हान्नेस लिंडेमान या डॉक्टरने क्लेपरच्याच होडीतून ७२ दिवसांत अटलांटिक महासागर ओलांडला. वजनाची अडचण लोखंडाने नव्हे, सुई-दोऱ्याने सुटली.

मग काम घ्यावे का?

आमचे मत असे. प्रथम गिऱ्हाईकाला सांगावे की गाडी माणसे, पाणी व सामानासह वजनकाट्यावर नेऊन आणा, पुढचा व मागचा एक्सल वेगळा तोलून. ते आकडे गाडीवरील कंपनीच्या पट्टीशी ताडून पाहावेत. मागच्या एक्सलवर जागा नसेल तर काम नाकारावे. आपल्याकडे गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत, म्हणून आरटीओत विचारून मगच हात घालावा. माल मर्यादेबाहेर डोकावत असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार २० हजार रुपये दंड व माल उतरवण्याचा खर्च पडतो.

मजुरी गेली असे मात्र समजू नये. त्याच गिऱ्हाईकाला हवेच्या होडीसाठी मजबूत पिशवी, ताडपत्रीचे आवरण किंवा डिकीत इंजिन घट्ट बसवण्याची चौकट करून देता येते. "टांगून द्या, काही होत नाही" असे गिऱ्हाईक म्हणेल. पण स्टँड तुटून होडी रस्त्यावर पडली तर मागून येणारा मोटारसायकलवाला कोण असेल, हे आपल्याला ठाऊक नसते. पावती फाडण्याआधी काट्याची चिठ्ठी पाहावी, यातच कारागिराची अब्रू आहे.